ऑटोमॅटिक गाडी घाटात मध्येच पिकअप सोडते. दिवा नाही, कोड नाही

गोदाकाठ | २६ ऑक्टोबर, रात्री ९:४०

मंडळी, गाडीचं दुखणं घेऊन आलोय. लांबण लागणार आहे, पण अर्धवट लिहिलं की पहिले दहा प्रतिसाद "मॉडेल कुठलं, चालली किती" यातच जातात.

२०१६ची पेट्रोल सेडान, दीड लिटर इंजिन, टर्बो नाही. ऑटोमॅटिक, टॉर्क कन्व्हर्टरवाली (क्लचऐवजी तेलातून ताकद गिअरबॉक्सला देणारी). ७८ हजार किलोमीटर झालेत. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर धागा भलतीकडेच जाईल.

त्रास असा की चालता चालता पिकअप जातो. इंजिन बंद पडत नाही, झटका नाही, आवाज नाही, डॅशबोर्डवर एकही दिवा नाही. पाय अ‍ॅक्सिलरेटरवर तसाच असतो आणि गाडी मात्र आपण पाय काढल्यासारखी ढिली पडते. कधी दोन सेकंद, कधी आठ-दहा. पाय पूर्ण उचलून पुन्हा दिला की बहुतेक वेळा ताकद परत येते.

भाऊबीज करून ठाण्याहून परतताना कसारा घाटात तीन वेळा झालं. तिसऱ्यांदा नेमकं वळणावर, मागे कंटेनर. त्याने हॉर्न दिला नाही, नुसता डिपर मारत राहिला. त्यानंतर इगतपुरी येईपर्यंत बायको एक शब्द बोलली नाही. ज्यांची लग्नं झालीत त्यांना याचा अर्थ कळेल. शहरात, म्हणजे नाशिकमध्ये गंगापूर रोड ते सातपूर रोजच्या येण्याजाण्यात, महिन्यातून एखाद वेळा होतं, तेही जाणवलं न जाणवलं असं.

सर्व्हिस सेंटरला तीनदा दाखवून झालं. स्कॅनर लावतात, बिघाडाचा कोड नाही म्हणतात, एमआयडीसीत एक चक्कर मारतात आणि गाडी परत. पहिल्यांदा थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारी झडप) साफ केली, १,८००. मग चारही प्लग आणि एअर फिल्टर. मग गिअरबॉक्सचं तेल, ७,४००. आता म्हणतात, कन्व्हर्टर आणि व्हॉल्व्ह बॉडी (गिअरबॉक्समधलं तेल वळवणारा भाग) उघडावी लागेल, अंदाजे सव्वा लाख. गाडीलाच आज कोणी साडेचारच्या वर देणार नाही.

बाकी किरकोळ: गेल्या डिसेंबरात बॅटरी एका रात्रीत बसली होती, नवी टाकली, तेव्हा बॅटरीचा प्रश्न नसावा. क्रूझ कंट्रोल (ठरवलेला वेग गाडी स्वतः धरते ती सोय) हल्ली आपोआप सुटतं, पण ते मी फारसं वापरत नाही.

सव्वा लाख घालू का?

तर्रीबाज | २६ ऑक्टोबर, रात्री १०:०५

एवढं सगळं लिहिलंत आणि मूळ कारण लिहिलंच नाहीत. ई-२० पेट्रोल! २०१६ची गाडी, तिला वीस टक्के इथेनॉल पचणार कसं? माझ्या गाडीचं अ‍ॅव्हरेज १६ वरून १४.५ वर आलंय. महागातलं पेट्रोल भरून बघा दोन टाक्या.

चांदवडकर | २६ ऑक्टोबर, रात्री १०:२०

सव्वा लाख?? विकून टाका आणि मॅन्युअल घ्या. आमच्या राहुड घाटात ऑटोमॅटिकवाले उभेच दिसतात.

अनघा_नाशिकरोड | २६ ऑक्टोबर, रात्री ११:१२

चांदवडकर, उभे असतात ते बहुतेक एएमटीवाले, आणि त्यातली एक मी होते. एएमटीत क्लच साधाच असतो, फक्त आपल्या पायाऐवजी मोटर दाबते. चढावर ट्रॅफिकमध्ये अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरली की क्लच तापतो आणि गाडी पुढे जायचं नाव घेत नाही. द्वारका चौकात पावसाळ्यात हे शिकले. तेव्हापासून चढावर ब्रेकच दाबून धरते, पुढची गाडी नीट सरकली की मगच सोडते, त्रास बंद. पण तुमची टॉर्क कन्व्हर्टर आहे म्हणजे हे तुम्हाला लागू नाही. एक विचारते, झालं तेव्हा आरपीएमचा काटा वर गेला की खाली आला?

गोदाकाठ | २७ ऑक्टोबर, सकाळी ८:१५

अनघाताई, खरं सांगतो, काटा बघायचं भानच नव्हतं. मागे कंटेनर होता.

लासलगाव_लिलाव | २७ ऑक्टोबर, दुपारी १:३०

डिझेल पिकअप चालवतो, कांदा भरून. माझीही अशीच ताकद जायची, चढाला दुसऱ्या गिअरवर यायची. टर्बोच्या रबरी होजला बोटभर चीर गेलेली, लोड आला की उघडायची, गॅरेजमध्ये उभी असली की मिटलेली. पण तुमचं टर्बोच नाही म्हणता, मग डिझेल फिल्टर तरी... नाही, पेट्रोल आहे. सोडा. उंदीर बघा. द्राक्षबागेशेजारी गाडी लावता का? आमच्याकडे सीझनला उंदीर वायरिंग खाऊन टाकतात.

ओझरचा_वायरमन | २७ ऑक्टोबर, रात्री ९:००

ओझरच्या विमान कारखान्यात विजेच्या वायरिंगवर एकतीस वर्षं काढली. गाड्यांचा मेकॅनिक नाही. पण येतो-जातो अशा बिघाडाशी आयुष्यभर गाठ पडली आहे, म्हणून लिहितो.

असा बिघाड पार्ट बदलून सापडत नाही. तो घडत असताना धरावा लागतो. सर्व्हिस सेंटरने आतापर्यंत केलं ते सगळं गाडी बरी असताना केलं. ताप उतरल्यावर थर्मामीटर लावण्यासारखं आहे हे.

आधी एक ठरवा. ताकद इंजिनात तयारच होत नाही, की तयार होऊन चाकापर्यंत पोचत नाही? ऑटोमॅटिकमध्ये यासाठी काटा पुरेसा आहे, अनघाताईंनी बरोबर विचारलं. पिकअप गेला तेव्हा आरपीएम वर चढला आणि वेग मात्र वाढला नाही, तर गिअरबॉक्स घसरतोय. आरपीएम आणि वेग दोन्ही मिळून खाली आले, तर गिअरबॉक्स बिचारा त्याला मिळेल तेवढंच देतोय, दुखणं इंजिनाकडे. आणि गाडी एकाच गिअरला चिकटून बसली, बंद करून पुन्हा सुरू केल्याशिवाय सुटतच नसली, तर तो लिम्प मोड, म्हणजे बिघाड ओळखून गाडीने स्वतःला जपणं. त्यात बहुधा कोड साठवलेला असतो.

तुमची गाडी पाय उचलून पुन्हा दिला की सुधारते, हे मला विचित्र वाटतं. घसरणारा गिअरबॉक्स असा समजूतदारपणा दाखवत नाही. सव्वा लाख खिशातच ठेवा.

ब्लूटूथवाला ओबीडी अडॅप्टर (गाडीच्या संगणकातले आकडे फोनवर दाखवणारा) घ्या, हजार-बाराशेत चांगला मिळतो. स्टीअरिंगखालच्या सॉकेटला लावा, फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेवा: आरपीएम, वेग, अ‍ॅक्सिलरेटर पेडलची स्थिती, थ्रॉटल, मॅनिफोल्डचा दाब (इंजिनात शिरणाऱ्या हवेचा, किलोपास्कलमध्ये), फ्युएल ट्रिम (संगणक पेट्रोल किती टक्के कमी-जास्त करतो ते), व्होल्टेज. एवढंच, जास्त नको. आकडे वाढवले की प्रत्येकाची नोंद विरळ होते आणि दोन सेकंदाचा चोर मधूनच निसटतो. फोन बायकोच्या हातात द्या, तुम्ही रस्ता बघा.

तर्रीबाज यांना: इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. वीस टक्के मिश्रणात म्हणजे एकूण सहा-सात टक्के कमी. तुमचं अ‍ॅव्हरेज घटलं ते समजू शकतो. पण ते सतत कमी राहील. दहा सेकंद गायब होऊन परत येणार नाही.

तर्रीबाज | २७ ऑक्टोबर, रात्री ९:२५

बरं काका. पण पाणी? इथेनॉल पाणी ओढतं. पावसाळ्यात टाकीत पाणी गेलं असेल तर?

ओझरचा_वायरमन | २७ ऑक्टोबर, रात्री ९:५०

ही शंका रास्त आहे. पण तेव्हा इंजिन मिसिंग करतं, गाडी थरथरते, सकाळी सुरू व्हायला कुरकुरते. यांची गाडी गुळगुळीतपणे ताकद सोडते. ते "गुळगुळीत" लक्षात ठेवा, पुढे लागेल.

सीव्हीटीग्रस्त | २८ ऑक्टोबर, सकाळी १०:४०

माझ्या सीव्हीटीत (बेल्टवर चालणाऱ्या ऑटोमॅटिकमध्ये) उलटं झालं होतं. आरपीएम चार हजार, गाडी चाळीसवर, मिक्सर चालू केल्यासारखा आवाज. बेल्ट गेला होता. तुमचं तसं नाही हे वाचून हेवा वाटला. वाचनखूण साठवली.

पाथर्डी_फाटा | २८ ऑक्टोबर, दुपारी ४:१०

पेट्रोल पंप (टाकीतला) बघितला का? टाकीत बुडालेला असतो, पेट्रोलनेच थंड राहतो. टाकी पाव राहिली, दुपारचं ऊन, लांबचा रस्ता, की म्हातारा पंप दमतो. माझं सप्तशृंगी गडावर जाताना झालं होतं. नांदुरीला थांबलो, चहा पिऊन पाऊण तासाने निघालो, गाडी टकाटक. घाटात टाकी किती होती? आणि एवढी कटकट कशाला, समृद्धीने जात जा. जूनमध्ये आमणेपर्यंत उघडलाय, कसारा घाट लागतच नाही.

गोदाकाठ | २८ ऑक्टोबर, रात्री ८:३०

टाकी ठाण्यात फुल केली होती. वेळ संध्याकाळची.

ओझरचा_वायरमन | २८ ऑक्टोबर, रात्री ९:१५

पंपाचा विचार चांगला आहे, पण पंप दमला की फुल टाकी आणि थंड हवेत कमी दमेल, जास्त नाही. रेकॉर्डिंगमध्ये तेही दिसेल: पेट्रोल कमी पडलं तर फ्युएल ट्रिम वीस-पंचवीसकडे पळतो.

समृद्धीवर मात्र या अवस्थेत जाऊ नका. इगतपुरीचा बोगदा जवळपास ८ किलोमीटरचा आहे. तिथे मागचे शंभराने येत असताना पिकअप गेला, तर कसारा घाट बरा वाटेल. सापडेपर्यंत डावी लेन धरा.

गोदाकाठ | २ नोव्हेंबर, रात्री ११:२०

सापडला! म्हणजे बिघाड नाही सापडला, पण हातात आला.

अडॅप्टर १,१५० ला मिळाला. आज रविवार, म्हणून मुद्दाम कसाऱ्यापर्यंत उतरून परत चढलो. जाताना काही नाही. चढताना दोनदा. आणि परत एकदा, घाट संपल्यावर, घोटीच्या अलीकडे सपाट रस्त्यावर, जिथे रस्त्याला खडबडीत पट्टा लागतो तिथे. तिन्ही वेळचं रेकॉर्डिंग आहे. घाटातलं पहिलं, सेकंदागणिक, असं:

पेडल ४६ टक्के, थ्रॉटल ४१, आरपीएम २,६५०, वेग ६४, दाब ८६.
पेडल ४६, थ्रॉटल १४, आरपीएम २,२००, वेग ६२, दाब ३२.
पेडल ५५ (मी घाबरून दाबला), थ्रॉटल १४, आरपीएम १,८५०, वेग ५८, दाब ३१.
पेडल ६१, थ्रॉटल १४, आरपीएम १,७००, वेग ५४.
मग मी पाय काढला, पुन्हा दिला: पेडल ४०, थ्रॉटल ३६, आणि गाडी पळाली.

फ्युएल ट्रिम पूर्ण वेळ चार-पाच टक्क्यांच्या आत. व्होल्टेज १४.१, हललं नाही. कोड अजूनही नाही.

एक वेगळी शंका: पूर्ण दाबलं तरी दाब ९३ च्या वर जात नाही. नेटवर तर १०० लिहिलंय. सेन्सर खराब का?

ओझरचा_वायरमन | ३ नोव्हेंबर, सकाळी ६:५०

शंकेचं आधी: नेटवरचा १०० समुद्रसपाटीचा आहे. नाशिक साधारण सहाशे मीटरवर. इथे हवेचा दाबच ९४ च्या आसपास, त्याच्या वर बिनटर्बोचं इंजिन जाणार कसं? ठाण्यात बघितलंत तर १०० दिसेल. सेन्सर ठणठणीत आहे.

आता मुख्य. रेकॉर्डिंग फार सुंदर आलं आहे, वहिनींना सांगा.

तुमचा पाय ४६ वर, ६१ वर. थ्रॉटलची झडप मात्र १४ वर, म्हणजे जवळजवळ मिटलेली. या गाड्यांत पेडल आणि झडप यांच्यामध्ये केबल नसते. पेडल फक्त विनंती करतं, झडप उघडायची की नाही ते ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, ठरवतो. पेट्रोल कमी पडलं असतं, फिल्टर तुंबला असता, सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तुंबला असता, तर झडप उघडी राहून ताकद गेली असती. इथे झडपच मिटली. म्हणजे ताकद कमी पडत नाही. ईसीयू ती स्वतःहून, शुद्धीत, काढून घेतो आहे. म्हणून ते "गुळगुळीत".

आरपीएम आणि वेग दोन्ही खाली. गिअरबॉक्स निर्दोष.

प्रश्न एवढाच राहिला की ईसीयूला असं करायला कोण सांगतं.

पाथर्डी_फाटा | ३ नोव्हेंबर, सकाळी ९:३०

पेडलचा सेन्सर! नवीन पेडल असेंब्ली साडेसहा-सात हजाराला येते. टाका आणि मोकळे व्हा.

ओझरचा_वायरमन | ३ नोव्हेंबर, सकाळी १०:०५

पुन्हा पार्ट बदलायची घाई. पेडलमध्ये सेन्सर एक नाही, दोन असतात, ईसीयू त्यांची आपसात पडताळणी करतो. त्यांचं पटलं नाही की कोड येतो, दिवा लागतो, आणि गाडी बंद करेपर्यंत दबकीच राहते. यांचं पेडल ४६, ५५, ६१ असं पायाबरोबर व्यवस्थित सांगतं आहे.

गोदाकाठ, तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये शेवटी "किरकोळ" म्हणून दोन गोष्टी लिहिल्यात आणि वर एक कंटेनर. मला त्या तिन्ही किरकोळ वाटत नाहीत. क्रूझ आपोआप का सुटतं? बॅटरी एका रात्रीत कशी बसली? आणि घाटात मागचा ड्रायव्हर हॉर्न न देता डिपर का मारेल?

एक प्रयोग करा. सपाट जागा, हँडब्रेक ओढलेला, इंजिन सुरू, गिअर पी (पार्किंग) मध्ये. ब्रेकला पाय न लावता लिव्हर पी मधून काढून बघा. निघता कामा नये. वीस वेळा करा. गाडीपुढे-मागे कोणी नको.

अनघा_नाशिकरोड | ३ नोव्हेंबर, सकाळी १०:३०

काका!! ब्रेकचा स्विच??

ओझरचा_वायरमन | ३ नोव्हेंबर, सकाळी १०:३४

आधी प्रयोग होऊ द्या.

गोदाकाठ | ३ नोव्हेंबर, रात्री १०:१५

सोसायटीच्या पार्किंगमध्ये केला. वॉचमन बाजूला उभा राहून बघत होता, त्याला वाटलं साहेब गाडी चालवायला विसरले. सतरा वेळा लिव्हर हलली नाही. अठराव्या वेळी, ब्रेकला पाय नसताना, सरळ आर (रिव्हर्स) मध्ये गेली. अंगावर काटा आला. मुलगा आठ वर्षांचा आहे, कधी कधी माझ्या मांडीवर बसून लिव्हर हलवायला बघतो.

ओझरचा_वायरमन | ४ नोव्हेंबर, सकाळी ७:१०

आता लिहितो.

ब्रेक पेडलच्या वर एक छोटा स्विच असतो. पाय काढला की पेडलचा दांडा त्या स्विचची पिन आत दाबून धरतो. पाय दिला की पिन बाहेर येते, मागचा लाल दिवा लागतो. पूर्वी त्याचं काम एवढंच होतं. आता तोच स्विच चौघांना बातमी देतो: दिव्याला, क्रूझला, गिअर लिव्हरच्या कुलपाला आणि ईसीयूला. पहिला ऐकून दिवा लावतो, दुसरा क्रूझ सोडतो, तिसरा लिव्हर मोकळी करतो. ईसीयूला मात्र शिकवलेलं आहे की अ‍ॅक्सिलरेटर दाबलेला असताना ब्रेकही दाबला गेला, तर ब्रेकचं ऐक, थ्रॉटल मिटव. २००९-१० साली अमेरिकेत आपोआप पळणाऱ्या गाड्यांवरून मोठा गदारोळ झाला, त्यानंतर बहुतेक कंपन्यांनी ही सोय घातली. सोय चांगलीच आहे. मॅट अडकून अ‍ॅक्सिलरेटर दबलेला राहिला तर जीव वाचवते.

तुमचा स्विच मधूनच खोटं बोलतो आहे. ईसीयूला वाटतं, हा माणूस घाटात दोन्ही पाय दाबून बसलाय. तो थ्रॉटल मिटवतो. पाय उचलून दिला की हिशेब नव्याने सुरू होतो. ब्रेक आला म्हटल्यावर गिअरबॉक्सही इंजिनाशी घट्ट जोडणारं कन्व्हर्टरचं लॉक सोडतो, ते ढिलेपण गिअरबॉक्समधून आल्यासारखं वाटतं. सर्व्हिस सेंटर तिथेच फसलं.

आणि कोड का नाही? कारण ईसीयूच्या मते बिघाडच नाही. ड्रायव्हरने ब्रेक दाबला, त्याने ताकद काढली, यात नोंदवायचं काय? स्विचमध्ये आत दोन संपर्क असतात, त्यांचं आपसात जुळलं नाही तर पी०५०४ हा कोड येतो. पण पिनच बाहेर आली तर दोन्ही संपर्क एकमुखाने खोटं बोलतात. कोड येणार नाही.

हे अजून माझं अनुमान आहे. पुरावा हवा. संध्याकाळी अंधार पडताना कोणाला तरी मागच्या सीटवर बसवा, मागच्या काचेकडे तोंड करून. काचेतला तिसरा ब्रेक लाइट लागला की काचेवर लाली दिसते.

सीव्हीटीग्रस्त | ४ नोव्हेंबर, सकाळी ९:२०

दंडवत घ्या काका. दुसरी वाचनखूण.

चांदवडकर | ४ नोव्हेंबर, दुपारी १२:००

मग कंटेनरवाला डिपर मारत होता कारण त्याला दिसत होतं की हा घाटात चढावर ब्रेक दाबतोय!

गोदाकाठ | ८ नोव्हेंबर, रात्री ११:४५

आज केलं. मेहुण्याला सांगितलं, तू तुझी गाडी घेऊन मागे राहा. इगतपुरीहून साडेसहाला निघालो, अंधार पडलेला, गार वारा. बायको मागच्या सीटवर उलटी बसलेली, गुडघ्यावर, उशी पोटाशी धरून. पंधरा मिनिटं काही झालं नाही. ती म्हणाली, "मान अवघडली, किती वेळ?" तेवढ्यात घोटीच्या त्याच खडबडीत पट्ट्यावर पिकअप गेला आणि मागून आवाज आला, "लागला! लागला... अजून आहे... अजून... गेला." "गेला" म्हणायला आणि मी पाय उचलून दिल्यावर गाडी पळायला एकच गाठ.

मेहुण्याचा लगेच फोन: "दाजी, रिकाम्या रस्त्यावर ब्रेक काय मारता?"

मग आठवलं, हेच तो दिवाळीत म्हणाला होता. "तुम्ही फार ब्रेक मारता दाजी." मी त्याच्या ड्रायव्हिंगवर चार शब्द ऐकवले होते. आज पाथर्डी फाट्यावर त्याला जेवण द्यावं लागलं.

अनघा_नाशिकरोड | ९ नोव्हेंबर, सकाळी ८:००

वहिनींना वेगळं जेवण हवं. मान त्यांची अवघडली.

गोदाकाठ | १० नोव्हेंबर, रात्री ९:३०

शेवट लिहितो. फोटो टाकता येत नाहीये, वर्णनावर भागवा.

सातपूरला एका छोट्या गॅरेजमध्ये गेलो. पोरगा पंचविशीचा असेल. त्याला धाग्यातलं सगळं सांगायला लागलो, त्याने ऐकून घेतलं नाही. ड्रायव्हरच्या दारात उताणा पडला, मोबाइलचा टॉर्च लावला आणि म्हणाला, "साहेब, मॅट उचला." मॅटखाली पांढऱ्या प्लास्टिकचे तीन-चार कण होते, खडीसाखरेएवढे. असे कण मी गेल्या वर्षभरात दोनदा व्हॅक्यूमने ओढून टाकलेत. मुलाने खेळणं फोडलं असेल म्हणून त्याला ओरडलोही होतो.

स्विच शाबूत होता! पेडलच्या दांड्याला एक भोक असतं, त्यात प्लास्टिकचं बटण बसवलेलं असतं, रुपयाच्या नाण्याहून लहान. स्विचची पिन त्या बटणावर टेकते. नऊ वर्षांत ते बटण वाळून भुसभुशीत झालं आणि अर्धं झडलं. पिन उरलेल्या काठावर कशीबशी टेकलेली. रस्ता खडबडीत आला, गाडीला हादरा बसला की पिन काठावरून घसरून भोकात शिरायची, म्हणजे स्विचच्या लेखी "ब्रेक दाबला". पुढच्या हादऱ्याने पुन्हा काठावर. घाटात ओढताना आणि घोटीच्या पट्ट्यावर जास्त का, आणि शहरात चाळीसच्या वेगाने जाणवत का नाही, ते तिथेच कळलं. डिसेंबरातली बॅटरीही कळली: पिन भोकात असताना गाडी पार्क केली, मागचे दिवे रात्रभर जळत राहिले. नव्या बॅटरीचे ५,२०० फुकट गेले.

त्याने बोटाने दाबलं तर उरलेलं बटणही हातात आलं, खारी बिस्किटासारखं.

द्वारकेजवळ स्पेअर पार्टच्या दुकानात बटण मिळालं. चाळीस रुपये. बसवायला दहा मिनिटं. पोराने शंभर मागितले, मी दोनशे दिले. पुन्हा लिव्हरचा प्रयोग केला, पन्नास वेळा, एकदाही निघाली नाही.

तर्रीबाज | १० नोव्हेंबर, रात्री ९:५५

चाळीस रुपये. आणि ते सव्वा लाख मागत होते. मी ई-२० बद्दलचे माझे शब्द मागे घेतो. अ‍ॅव्हरेजबद्दलचे नाही.

ओझरचा_वायरमन | ११ नोव्हेंबर, सकाळी ६:४०

छान. मी स्विचवर संशय धरला होता, दोष त्याच्यासमोरच्या बटणात निघाला. त्या मुलाचे डोळे माझ्याहून चांगले आहेत.

दोन गोष्टी. स्विचची पिन इतके महिने वाकडी टेकत होती, तेव्हा मल्टिमीटर लावून दोन्ही संपर्क एकदा तपासून घ्या. आणि नऊ वर्षांच्या इतर गाड्यांतही हे बटण तेवढंच जुनं आहे. मॅटखाली पांढरे, हिरवे किंवा निळे कण दिसले तर पोराला ओरडू नका.

अनघा_नाशिकरोड | ११ नोव्हेंबर, सकाळी ९:१०

आत्ता ऑफिसच्या पार्किंगमध्ये मॅट उचलून बघितली. कण नाहीत. चिवड्याचे शेंगदाणे आहेत.

गोदाकाठ | २३ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:२०

धागा वर काढतोय. बटण बसवून सहाशे किलोमीटर झाले, त्यात कसारा घाट दोनदा, एकदा दुपारी, एकदा रात्री. काही नाही. क्रूझ सुटत नाही. संपर्क तपासले काका, दोन्ही व्यवस्थित.

एक राहिलंच सांगायचं. दुकानदाराने पुडीत दोन बटणं दिली होती. म्हणाला, "एक ब्रेकचं, एक क्लचचं, दोन्ही एकदमच जातात, घेऊन ठेवा." मी ऐंशी रुपये देऊन आलो. घरी येऊन लक्षात आलं, माझ्या गाडीला क्लचच नाही.

लासलगाव_लिलाव | २३ नोव्हेंबर, रात्री ८:०५

ते फेकू नका भाऊ. बुधवारी नाशिकला येतोय, मापाचं असेल तर पिकअपला बसवतो. बदल्यात दहा किलो कांदा.